दुंडिगलची हवाई दल अकादमी : पन्नाशीची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की उद्घाटने, इमारती आणि प्रमुख पाहुणे यांची यादी आपोआप तयार होते. दुंडिगलच्या हवाई दल अकादमीची अशी यादी भली लांब होईल आणि ती अभिमानास्पदही असेल. पण अकादमीच्या धावपट्टीवर काही काळ काढलेल्या कोणालाही विचारा, तो पाहुण्यांबद्दल बोलणार नाही. आपण कोणत्या विमानावर शिकलो आणि आपला इन्स्ट्रक्टर कोण होता, या दोनच गोष्टी तो सांगेल. म्हणून या लेखातही त्यांच्यावरच भर दिला आहे. विमाने आली, जुनी झाली, काही एकाएकी जमिनीवर बसवावी लागली. शिकवणे मात्र एकदाही बंद पडले नाही. ते ज्यांनी बंद पडू दिले नाही, त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत.

पूर्वपीठिका : १९३२ ते १९६०

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. त्या वेळी देशात लष्करी वैमानिक घडवण्याची सोयच नव्हती. पहिले पाच भारतीय वैमानिक इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला शिकून आले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे वापिटी जातीची चार विमाने होती. दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. माणसे हवी होती आणि ती लगेच हवी होती. लाहोरच्या वॉल्टनला प्राथमिक शिक्षण, बेगमपेठ आणि जोधपूरला टायगर मॉथवर पहिली उड्डाणे, अंबाल्याला पुढचे शिक्षण, अशी साखळी तयार झाली.

फाळणीत ही साखळी तुटली. लाहोर आणि कराची पलीकडे गेले. उरलेल्या सामग्रीवर पुन्हा मांडामांड करावी लागली. तीत एक निर्णय फार दूरदृष्टीचा ठरला. विद्यार्थ्यांच्या शाळा नीट उभ्या राहण्याआधीच, १ एप्रिल १९४८ रोजी, अंबाल्याला शिक्षकांची शाळा सुरू झाली. हीच फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल १९५४ मध्ये चेन्नईजवळच्या तांबरमला गेली आणि आजही तिथेच आहे. दुंडिगलला कॅडेटसोबत बसलेला प्रत्येक क्यूएफआय, म्हणजे पात्रताप्राप्त उड्डाण प्रशिक्षक, याच शाळेतून तावूनसुलाखून आलेला असतो. विमान उत्तम चालवणारे पुष्कळ असतात. विमान चालवता चालवता आपण काय करतो आहोत हे सोप्या शब्दांत बोलत राहणे, आणि समोरच्याची चूक हाताबाहेर जाण्याच्या क्षणभर आधीपर्यंत ती त्याला करू देणे, ही वेगळीच विद्या आहे.

साठचे दशक : एका छपराखाली आणण्याचा विचार

१९६२ च्या युद्धानंतर हवाई दल ४५ स्क्वाड्रनपर्यंत वाढवण्याची योजना आली. विमाने विकत घेता येतात, वैमानिक घडवावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. त्या काळी उड्डाणाचे शिक्षण अलाहाबादजवळच्या बमरौलीला, जोधपूरला आणि १९६३ पासून बीदरला असे विखुरलेले होते. प्रशासकीय शाखेचे अधिकारी कोइंबतूरला घडत, तांत्रिक शाखेचे बंगळूरजवळ जलहळ्ळीला. प्रत्येक ठिकाणची शिस्त चोख, पण एकाच दलाचे तरुण अधिकारी एकमेकांना पहिल्यांदा भेटत ते थेट नोकरीच्या ठिकाणी. भूदलाला डेहराडूनची अकादमी होती. हवाई दलाला आपले म्हणावे असे घर नव्हते.

जागा ठरली ती हैदराबादच्या उत्तरेला, सिकंदराबादपासून सुमारे २५ किलोमीटरवर, दुंडिगल गावाजवळ. निवड विचारपूर्वक होती. दख्खनच्या पठारावरची समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंचीची मोकळी जमीन, वर्षातला बराच काळ स्वच्छ आकाश, आणि शेजारी बेगमपेठ, हकिमपेठ व बीदर ही जुनी विमानतळे. सात हजार एकरांहून अधिक जमीन संपादित झाली. ज्यांची शेते आणि गुरचरणे त्यात गेली, त्या गावकऱ्यांचे ऋण या स्मरणिकेत पहिल्यांदा नोंदवायला हवे.

११ ऑक्टोबर १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांच्या हस्ते कोनशिला बसली. तेव्हा हवाई दलाचे प्रमुख होते अर्जन सिंग. पुढची चार वर्षे खडक फोडणे, धावपट्टी आखणे, वसतिगृहे उभारणे यांत गेली. या काळाबद्दल लिहिण्यासारखे नाट्यमय काही नाही. धूळ आणि कंत्राटांच्या फायली होत्या, आणि त्या कोणीतरी चिकाटीने हातावेगळ्या केल्या.

सत्तरचे दशक : एचटी-२ आणि किरण

१९७१ मध्ये अकादमीत प्रशिक्षण सुरू झाले. युद्धाचे वर्ष ते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून तीन वर्षे काढून आलेली मुले आणि महाविद्यालयातून थेट आलेली मुले इथे एका रांगेत उभी राहिली. पहिल्यांना परेड पाठ, दुसऱ्यांना जग थोडे अधिक ठाऊक. दोघांमधला हा गोड तणाव आजतागायत टिकून आहे, आणि पहिल्या महिन्याच्या पहाटेच्या धावण्यात तो बराचसा घामावाटे निघून जातो.

त्या काळी मुलांचे पहिले उड्डाण बीदरला एचटी-२ वर होई आणि मग ती दुंडिगलला किरणवर येत. ही दोन्ही विमाने बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये, म्हणजे आजच्या एचएएलमध्ये, घडली आणि दोन्हींमागे एकच माणूस होता : डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातला हा माणूस जर्मनीतल्या गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकून आला. एचटी-२ ने पहिले उड्डाण केले ऑगस्ट १९५१ मध्ये, किरणने ४ सप्टेंबर १९६४ रोजी. मराठी वाचकाला सेनापतींची नावे ठाऊक असतात. ज्याच्या आरेखनावर दोन-तीन पिढ्यांचे वैमानिक उडायला शिकले, त्याचे नाव पुष्कळांना सांगावे लागते. ही खंत इथे नोंदवून पुढे जातो.

एचटी-२ ला शेपटीखाली चाक. जमिनीवर असताना नाक वर, त्यामुळे समोरचे नीट दिसत नाही. टॅक्सी करताना नागमोडी जावे लागते. इंजिन १५५ अश्वशक्तीचे. उतरताना पाय जरा चुकला की विमान गर्रकन फिरणार. ते माफ करणारे विमान नव्हते, आणि म्हणूनच जुने क्यूएफआय त्याच्यावर जीव टाकत. किरण हे जेट, आणि त्यात शिक्षक-विद्यार्थी शेजारी-शेजारी. पुढे-मागे आसने असली की कॅडेटला निदान चेहरा लपवता येतो. किरणमध्ये ती सोय नाही. मूठ घट्ट आवळली, नजर एकाच घड्याळावर खिळली, श्वास अडकला, सगळे शेजारच्याला दिसते.

याच दशकात, १९७५ च्या सुमारास, पोलंडहून आलेली इस्क्रा विमाने पुढच्या टप्प्यासाठी हकिमपेठला रुजू झाली. 

ऐंशीचे दशक : एक शिफारस आणि लांबलेली प्रतीक्षा

१९८२ मध्ये एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने लढाऊ विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि प्रगत जेट प्रशिक्षक विमान घेण्याची शिफारस केली. कारण सरळ होते. दुंडिगल-हकिमपेठहून निघालेला तरुण किरणसारख्या शांत विमानावरून जवळजवळ एका पावलात मिग-२१ वर जाई. मिग उतरतानाही भन्नाट वेगात असते आणि विचार करायला वेळ देत नाही. मधली पायरी हवी होती. ती प्रत्यक्षात यायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. का गेला, यावर त्या वेळी बरेच बोलले गेले. त्यात इथे शिरण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवतो की त्या सगळ्या वर्षांत ती उणीव भरून काढायची जबाबदारी शिक्षकांवर आली, आणि त्यांनी ती निमूटपणे उचलली.

१९८४ पासून एचटी-२ च्या जागी एचपीटी-३२, म्हणजे ‘दीपक’, येऊ लागले. २६० अश्वशक्तीचे इंजिन, शेजारी-शेजारी आसने, तिचाकी रचना. उतरवायला सोपे. त्याच्याबद्दल पुढे सांगायचेच आहे.

या दशकात अकादमीतून बाहेर पडलेल्यांत नागपूरचे दीपक साठे होते. जून १९८१ च्या तुकडीत मानाची तलवार त्यांना मिळाली. पुढे ते अकादमीतच प्रशिक्षक झाले आणि निवृत्तीनंतर प्रवासी विमाने चालवू लागले. ऑगस्ट २०२० मधल्या कोळिकोडच्या अपघातात ते गेले. डिसेंबर १९८२ मध्ये कमिशन मिळालेले नांदेड जिल्ह्यातल्या हस्तराचे विवेक राम चौधरी पुढे अकादमीचे उपप्रमुख झाले आणि २०२१ ते २०२४ या काळात हवाई दलप्रमुख.

पहिला सोलो

दशकांच्या क्रमात बसत नाही, तरी एक प्रसंग, कॅडेटचे पहिले एकट्याचे उड्डाण, मध्येच सांगायला हवा, कारण तो प्रत्येक दशकात तसाच घडत आला आहे.

पहाटे मेट ब्रीफिंग. वारा कुठून, ढग किती, पक्षी कुठे. मग कॅडेट विमानापाशी जातो, फॉर्म ७००, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंद, वाचतो आणि सही करतो. त्याच्या आधी त्या कागदावर रात्रपाळी केलेल्या तंत्रज्ञांच्या सह्या असतात. विमानाभोवती चक्कर मारून चाके, पंख, झाकणे हाताने तपासायची. इन्स्ट्रक्टरसह दोन-तीन सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, होतात. उतरल्यावर टॅक्सीवेवर विमान थांबते, आणि इन्स्ट्रक्टर फारसे काही न बोलता पट्टे सोडू लागतो. स्वतः उतरतो, पण त्याआधी रिकाम्या आसनाचे पट्टे एकमेकांत अडकवून घट्ट बांधतो. हवेत ते सुटून कंट्रोलमध्ये अडकू नयेत म्हणून. मग काचेवर थाप मारतो आणि बाजूला होतो.

एका माणसाचे वजन कमी झालेले विमान लवकर उचलते, आणि कॅडेटला पहिला धक्का बसतो तो याचा. त्याला वसतिगृहातल्या खुर्चीत डोळे मिटून, हातात काल्पनिक स्टिक धरून, पुन्हा पुन्हा पाठ केलेले सारे आता मोठ्याने म्हणावे लागते, कारण सोबत आठवण करून द्यायला कोणी नसते. डाउनविंड, चेक्स, फायनल्स. इन्स्ट्रक्टर रनवे कंट्रोलपाशी उभा. रेडिओ त्याच्या हाताशी असतो, पण शक्यतो तो बोलत नाही. एक सर्किट, एक लँडिंग. दहाएक मिनिटांत सगळे आटोपते.

ठरलेल्या तासांत ज्याला सोलो जमत नाही, त्याला वरिष्ठ अधिकाऱ्यासोबत पुन्हा तपासून पाहतात आणि तरीही न जमल्यास उड्डाणातून काढून दुसऱ्या शाखेकडे वळवतात. त्या संध्याकाळी वसतिगृहात काय वातावरण असते, ते इथे शिकलेल्यांना सांगायला नको. या मुलांतून पुढे उत्तम नेव्हिगेटर, उत्तम नियंत्रक, उत्तम अभियंते झाले. संस्थेच्या इतिहासात त्यांचाही वाटा तेवढाच आहे.

नव्वदचे दशक : मुली आल्या

हवाई दलाने महिलांसाठी अल्पकालीन कमिशनचे दार उघडले, आणि डिसेंबर १९९४ मध्ये सात मुली वैमानिक म्हणून दुंडिगलच्या परेड मैदानातून बाहेर पडल्या. त्यांतल्या हरिता कौर देओल यांनी त्याआधीच, २ सप्टेंबर १९९४ रोजी, अ‍ॅव्रो विमान एकटीने उडवले होते. १९९६ च्या डिसेंबरात एका अपघातात त्यांचे निधन झाले.

सुरुवातीला अकादमीपुढच्या अडचणी अगदी साध्या होत्या : वसतिगृह, स्वच्छतागृह, मुलींच्या मापाचा जी-सूट. शिकवण्यात मात्र काही बदलावे लागले नाही. विमानाला आत कोण बसले आहे ते कळत नाही, असे त्या काळचे शिक्षक म्हणत. हे वाक्य सोपे वाटते. ते आचरणात आणायला काहींना थोडा वेळ लागला, हेही खरे. याच दशकात, १९९६ मध्ये, बीदरला सूर्यकिरण हा कसरतींचा चमू किरण विमानांवर उभा राहिला, आणि घाटग्यांचे विमान लालपांढऱ्या रंगात गावोगावच्या आकाशात दिसू लागले.

२००१ ते २०१० : दीपक विझला तेव्हा

या दशकाची सुरुवात आशेची होती. मार्च २००४ मध्ये ६६ हॉक विमानांचा करार झाला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ती बीदरला रुजू झाली. ला फाँतेन समितीने मागितलेली पायरी अखेर बसली.

पण साखळीचा वरचा दुवा पक्का होत असताना खालचा निसटला. ३१ जुलै २००९ रोजी मेडक जिल्ह्यात दीपक विमानाला अपघात झाला आणि अकादमीचे दोन प्रशिक्षक मृत्युमुखी पडले. या विमानाची इंधन-यंत्रणा आधीपासूनच डोकेदुखी होती. हवेत इंजिन बंद पडे, आणि त्यात इजेक्शन सीट नव्हते. सेवेत आल्यापासून १७ अपघातांत १९ जण गेले होते. या अपघातानंतर सर्व दीपक विमाने थांबवली गेली. ती पुन्हा उडाली नाहीत.

एका आठवड्यात अकादमीकडे नवशिक्यासाठी विमान राहिले नाही. दारात कोर्स उभा, आणि पुढच्या सहा महिन्यांनी दुसरा येणार. जो मार्ग निघाला तो धाडसी होता : पहिल्याच दिवसापासून किरणवर, म्हणजे थेट जेटवर. किरण या कामासाठी बनलेले नव्हते, आणि तीही विमाने थकलेली होती. अभ्यासक्रम आखडून, उपलब्ध तास वाटून, एकाच विमानातून एका दिवसात जास्तीत जास्त सॉर्टी, म्हणजे उड्डाणफेऱ्या, काढून जवळजवळ चार वर्षे हा संसार चालवला गेला. पुष्कळ क्यूएफआयना त्या काळात सलग उड्डाणे करावी लागली. रात्री हँगरमध्ये उजेड असे, कारण सकाळी सहाला ठरलेली विमाने रांगेत उभी हवीत म्हणून तंत्रज्ञ वायपर इंजिनांची झाकणे उघडून बसलेले असत.

माझ्या मते अकादमीच्या पन्नास वर्षांतला सर्वांत मोठ्या कर्तबगारीचा काळ हाच. त्याचे कोणी चित्रपट काढले नाहीत. कोर्स बाहेर पडत राहिले, एवढाच त्याचा पुरावा.

२०११ ते २०२० : पिलाटस, आणि तीन मुली

मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ७५ पिलाटस पीसी-७ विमानांचा करार झाला. ३१ मे २०१३ रोजी संरक्षण राज्यमंत्री जितेंद्र सिंग यांच्या उपस्थितीत दुंडिगलला ती रीतसर दाखल झाली आणि त्याच वर्षी जुलैत त्यांवर पहिला कोर्स बसला. टर्बोप्रॉप इंजिन, वातानुकूलित कॉकपिट, इजेक्शन सीट. आसने पुन्हा पुढे-मागे. कॅडेटला चेहरा लपवण्याची सोय परत मिळाली. जुन्या शिक्षकांनी सुरुवातीला नाके मुरडली. विमान फारच गुणी आहे, चुका झाकून घेते, असे त्यांचे म्हणणे. पण चार वर्षे किरणवर काढलेल्यांच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव कोणाला लपवता आला नाही.

१८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग यांना लढाऊ वैमानिक म्हणून कमिशन मिळाले. परेडची सलामी घेतली ती संरक्षणमंत्री, गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी. देशभरच्या वर्तमानपत्रांनी तो दिवस उचलून धरला आणि ते योग्यच झाले. अवनी यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये जामनगरला मिग-२१ बायसन एकटीने उडवले.

जून २०२० ची परेड करोनाच्या सावटात झाली. आई-वडिलांना बोलावता आले नाही. मुलांच्या खांद्यांवर पट्ट्या चढताना पालकांनी पाहिल्या त्या घरच्या पडद्यावर.

आज

आज अकादमीत उड्डाण, तांत्रिक आणि प्रशासकीय अशा सर्व शाखांचे कॅडेट शिकतात. उड्डाण शाखेचा पहिला टप्पा सर्वांना सारखा, पीसी-७ वर. त्यानंतर लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर असे तीन रस्ते फुटतात. मालवाहूवाले यलहंकाला जातात, हेलिकॉप्टरवाले हकिमपेठला. कोणाला कुठे जायचे ते गुण, गरज आणि शिक्षकांचे मत यांवर ठरते. लढाऊ विमान न मिळालेला कॅडेट आठवडाभर हिरमुसतो. पुढे सियाचिनला हेलिकॉप्टर नेऊन आजारी जवान खाली आणला की त्याचे मत बदलते. लढाऊवाले कमिशननंतर बीदरला हॉकवर जातात. नौदल, तटरक्षक दल आणि मित्रदेशांचे अधिकारीही विंग्ज छातीवर लावायला इथे येतात. मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांतल्या हवाई दल निवडणाऱ्यांचा पुढचा मुक्काम दुंडिगलच.

डिसेंबर २०२३ मध्ये तूप्रानजवळ पीसी-७ चा अपघात झाला आणि एक प्रशिक्षक व एक कॅडेट गेले. दुसऱ्या कोणत्याही संस्थेच्या स्मरणिकेत अशा ओळी नसतात. इथे त्या प्रत्येक दशकात आहेत, आणि त्या गाळून इतिहास लिहिता येणार नाही.

आभार कोणाचे मानायचे हा प्रश्न संपादक मंडळापुढे होता. कमांडंटची यादी कार्यालयात लावलेली आहेच. त्यांच्यासोबत क्रॅश टेंडरवर दिवसभर बूट चढवून बसणारे अग्निशामक, धावपट्टीवरून घारी हाकलणारे कामगार, टॉवरमधले नियंत्रक, पॅराशूट घडी करणारे हात, मेसमध्ये पहाटे तीनला चूल पेटवणारे, आणि शंभरदा सांगून झालेली गोष्ट एकशे एकाव्यांदा न चिडता सांगणारे इन्स्ट्रक्टर, या सगळ्यांनी मिळून ही संस्था चालवली.

मार्च २०२३ मध्ये एचएएलच्या ७० एचटीटी-४० विमानांचा करार झाला आहे. पिलाटसनंतर पुन्हा एकदा नवशिका कॅडेट एचएएलच्या प्रशिक्षक विमानावर बसणार, आणि त्यात इजेक्शन सीट असेल. विमाने आली की आधी क्यूएफआय त्यांवर हात बसवतील, अभ्यासक्रमाच्या पुस्तिका नव्याने लिहिल्या जातील, तंत्रज्ञ नव्या इंजिनाच्या वर्गाला बसतील. त्यानंतर कॅडेटची पाळी.